क्राऊन-पिनियन कुठला बसवायचा? रोजच्या रस्त्यासाठी आणि ड्रॅग रेससाठी मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो कसा ठरवावा

कोकणातून परत येत होतो. जीपमध्ये आम्ही पाच जण आणि मागं आंब्याच्या सहा पेट्या. करूळ घाट सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणावर तिसऱ्या गिअरला गाडी दमली. थोडं वर गेलो तर दुसऱ्यालाही ओढेना. गगनबावड्यात पोचलो तेव्हा क्लचचा जळका वास कपड्यांना लागला होता आणि टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला होता. त्याआधी पंधराच दिवस मी मागच्या अ‍ॅक्सलमधला ५.३८ चा क्राऊन-पिनियन (चाकांकडं ताकद वळवणारी दोन गिअरची जोडी) काढून ३.७३ चा बसवला होता, कारण हायवेला जीप ओरडायची. हायवेचं दुखणं गेलं आणि घाटाचं अंगावर आलं.

त्याच वर्षी एका मित्रानं बरोबर उलटं केलं. त्याची जुनी पेट्रोल गाडी, मागच्या चाकांवर चालणारी. ड्रॅग रेसला उतरायचं म्हणून त्यानं ४.८८ बसवला. "आकडा मोठा तेवढा पिकअप जास्त" हे त्याला चार जणांनी सांगितलं होतं. सिग्नलला मागची चाकं जागेवरच फिरली, धूर झाला आणि शेजारची गाडी निघून गेली.

दोघांनीही पैसे घातले, दोघांनाही हौसिंग (ही जोडी जिच्यात बसते ती अ‍ॅक्सलची पेटी) पुन्हा उघडावं लागलं. वही-पेन्सिल घेऊन अर्धा तास बसलो असतो तर एकदाच उघडावं लागलं असतं. तो अर्धा तास कसा घालवायचा ते इथं पायरीपायरीनं लिहितो. हे सगळं मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या, मागं अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे: जीप, जुन्या सेडान, व्हॅन वगैरे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच काम गिअरबॉक्सच्या आत असतं आणि तो खर्च वेगळाच.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

जॅक आणि दोन मजबूत स्टँड, चाकाला लावायला लाकडी ठोकळे, खडू, मीटर टेप, हवेचा गेज, वही आणि मोबाईलमधला कॅलक्युलेटर (घनमूळ काढता येईल असा). शिवाय तुमच्या गिअरबॉक्सचे प्रत्येक गिअरचे रेशो. हे मॅन्युअलमध्ये असतात. गिअरबॉक्स बदललेला असेल तर तो मुळात कुठल्या गाडीचा आहे ते मिस्त्रीकडून खात्रीनं काढून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

१. आकड्याचा अर्थ

४.८८ म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा) ४.८८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. क्राऊनचे (मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (लहान गिअरचे) दात, एवढंच गणित. ४३ ला ८ नं भागलं की ५.३७५, त्यालाच ५.३८ म्हणतात. ३९ आणि ८ चे ४.८८. ४७ आणि ११ चे ४.२७. ४१ आणि ११ चे ३.७३. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपला ४.८८ होता, पुढं सीजे-३बी ला ५.३८ आला. सीजे-३बी महिंद्रानं आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली, म्हणून जुन्या जीपवाल्यांच्या तोंडी हे दोन आकडे अजून आहेत.

आकडा मोठा असेल तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावर ओढ जास्त आणि त्याच आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांना) वेग कमी. लहान असेल तर उलट. कोणी मोठ्या आकड्याला 'लो' म्हणतो, कोणी 'हाय', आणि गॅरेजमध्ये सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मी मोठ्या आकड्याला ओढीचा आणि लहान आकड्याला पळायचा रेशो म्हणतो. दुकानदाराशी बोलताना मात्र फक्त दात सांगा: "४१-११ ची जोडी पाहिजे." मग गैरसमज होत नाही.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मागचा रेशो बदलला की सगळे गिअर एकाच प्रमाणात बदलतात. दोन गिअरमधलं अंतर बदलत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकल्यावर इंजिन फार खाली बसत असेल तर तो गिअरबॉक्सचा प्रश्न आहे, क्राऊन बदलून तो सुटणार नाही.

२. आत्ता गाडीत काय आहे ते मोजा

जुन्या गाडीत मूळचाच रेशो असेल हे गृहीत धरू नका. आपल्याकडच्या जीपांचे मागचे अ‍ॅक्सल तीन-तीन मालकांच्या हातून गेलेले असतात. हौसिंगच्या बोल्टला पत्र्याचा टॅग असेल तर उत्तम, पण त्यावरही पूर्ण विसंबू नका. आतलं बदलून टॅग तसाच ठेवलेला मी पाहिलाय.

मोजायची रीत सोपी आहे. सपाट जागेवर गाडी लावा, पुढच्या चाकांना ठोकळे द्या, गिअर न्यूट्रल करा आणि मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या. हँडब्रेक मागच्या चाकांवर किंवा प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यामुळे तो सोडावाच लागतो. म्हणून ठोकळ्यांत कसूर नको. टायरवर एक आणि प्रोपेलर शाफ्टवर एक अशी खडूची रेघ मारा. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि दुसऱ्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. शाफ्ट सव्वाचारच्या किंचित पुढं गेला तर ४.२७, पावणेपाच ओलांडून पाचच्या अलीकडं थांबला तर ४.८८.

एकाऐवजी दोन फेरे का? दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं, त्यामुळे डिफरेन्शियलच्या (वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या भागाच्या) आतल्या गिअरमुळे उचललेलं चाक क्राऊनच्या दुप्पट फिरतं. पुष्कळ जण एकच फेरा फिरवतात आणि निम्मा आकडा काढून बसतात. गाडीला एलएसडी किंवा लॉकर (दोन्ही चाकांना बरोबरीनं फिरायला लावणारं डिफरेन्शियल) असेल तर दोन्ही चाकं उचलून एक फेरा फिरवा.

३. टायरचा खरा घेर

टायरवर लिहिलेल्या मापावरून घेर काढता येतो, पण गाडीच्या वजनानं टायर खाली बसतो आणि खरा घेर थोडा कमी भरतो. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, जमिनीला टेकलेल्या जागी टायरवर आणि रस्त्यावर खूण करा, गाडी सरळ ढकला आणि खूण पुन्हा जमिनीला लागली की टेपनं अंतर मोजा. माझ्या जीपला २३५/७५ आर १५ टायर आहेत. कागदावर घेर २.३० मीटर येतो, जमिनीवर २.२५ भरला.

मोठे टायर बसवायचा विचार असेल तर तो आधी ठरवून टाका, कारण टायर हाही एक गिअरच आहे. २.२५ च्या जागी २.४० मीटर घेराचा टायर टाकला तर ४.२७ चा रेशो गाडीला चारसारखा लागतो. आधी क्राऊन बदलून नंतर टायर मोठे करणाऱ्यांचा सगळा हिशोब असाच वाया जातो.

४. रस्त्यासाठी: आधी इंजिनाला विचारा

हे एक सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

वेग (किमी/तास) = आरपीएम × टायरचा घेर (मीटर) × ०.०६ ÷ (गिअरचा रेशो × मागचा रेशो)

माझं जुनं डिझेल इंजिन २,२०० ते २,५०० आरपीएमला शांत चालतं. ३,००० नंतर शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. वरच्या गिअरचा रेशो १ आहे. तेव्हा २,४०० आरपीएमला वेग असा येतो:

- ५.३८ ला ६० किमी
- ४.८८ ला ६६ किमी
- ४.२७ ला ७६ किमी
- ३.७३ ला ८७ किमी

हे आकडे समोर ठेवून स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: वर्षातले बहुतेक दिवस गाडी कुठं चालते? माझी कोल्हापुरातल्या उद्यमनगर ते गोकुळ शिरगाव रोज, महिन्यातून एकदा पुणं, आणि पावसाळा सोडला तर अधूनमधून राधानगरी नाहीतर गगनबावडा. पुण्याच्या रस्त्याला ८० चा वेग धरला तर ५.३८ ला इंजिन जवळपास ३,२०० ला जातं, म्हणूनच ते ओरडायचं. ३.७३ ला तेच २,२०० वर येतं. ऐकायला किती छान! पण ५.३८ वरून ३.७३ वर आलं की प्रत्येक गिअरमधली ओढ ३१ टक्क्यांनी कमी होते. पाच माणसं, सामान आणि घाट असताना एकतीस टक्के ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. इंजिन तेवढं ताकदवान असतं तर चाललं असतं, माझं नव्हतं.

शेवटी ४.२७ बसवला. ८० च्या वेगाला २,५३० आरपीएम, आणि ओढ ५.३८ पेक्षा सुमारे वीस टक्के कमी. करूळ घाट दुसऱ्या-तिसऱ्यात चढतो, क्लचचा वास येत नाही. उसाच्या हंगामात हायवेला ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं अडकलो तरी टॉपमधून खाली न उतरता पुढं काढता येतं. रोजच्या गाडीसाठी माझ्या मते हीच खरी परीक्षा आहे: नेहमीच्या वेगाला इंजिन त्याच्या आरामाच्या पट्ट्यात पाहिजे, आणि साधा चढ किंवा ओव्हरटेक आला की दर वेळी गिअर उतरवायला लागू नये. पाचवा ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी रेशोचा) गिअर असेल तर काम फार सोपं होतं. मागं जरा ओढीचा रेशो ठेवा, हायवेची शांतता पाचवा देतो.

५. ड्रॅगसाठी: शेवटच्या रेषेपासून मागं या

ड्रॅग रेसमध्ये नवा माणूस सुरुवातीचा विचार करतो, सिग्नलला गाडी कशी उडी मारेल याचा. हिशोब मात्र दुसऱ्या टोकापासून करायचा असतो. ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, संपताना गाडी किती वेगात असेल? त्या क्षणी इंजिन त्याच्या सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमच्या किंचित वर असावं, आणि तेही असं की रेषेच्या तोंडावर गिअर बदलायची पाळी येऊ नये.

वेगाचा अंदाज देणारं एक जुनं ढोबळ सूत्र आहे. मेट्रिक मापात ते असं येतं:

शेवटचा वेग = २८९ × घनमूळ (हॉर्सपॉवर ÷ ड्रायव्हरसकट वजन किलोत)

खोक्यासारख्या बॉडीच्या गाडीला वाऱ्यामुळे यापेक्षा कमी येतो. एकदा रेस धावलात की टाईम स्लिपवरचा (शर्यतीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवरचा) वेग घ्या, तोच खरा.

उदाहरण म्हणून मित्राच्या गाडीसारखी एक गाडी घेऊ. इंजिन १०० हॉर्सपॉवरचं, सर्वाधिक ताकद ५,६०० आरपीएमला, मर्यादा ६,२००. वजन ड्रायव्हरसकट १,२०० किलो. टायरचा घेर १.८ मीटर. गिअर ३.५, २.०, १.४, १.० आणि पाचवा ०.८५. सूत्रानं शेवटचा वेग येतो साधारण १२६ किमी. रेषेवर ६,००० आरपीएम पाहिजे असं धरून पायरी ४ चं सूत्र उलटं फिरवा:

मागचा रेशो = आरपीएम × घेर × ०.०६ ÷ (गिअर × वेग)

चौथ्या गिअरमध्ये संपवायचं तर ५.१४ येतो. तिसऱ्यात संपवायचं तर ३.६७.

पहिल्यांदा हे काढलं तेव्हा मी गणित चुकलं म्हणून पुन्हा केलं. एकाच गाडीला दोन बरोबर उत्तरं आहेत, आणि त्यातलं एक चक्क पळायच्या रेशोकडं आहे. ३.७३ घेतला तर पहिला ५१ ला संपतो, दुसरा ९० ला, आणि तिसऱ्यातच ६,१०० च्या आसपास रेषा ओलांडली जाते. दोनदाच गिअर बदलायचा. ४.८८ घेतला तर ३९, ६९ आणि ९८ ला गिअर बदलावा लागतो, म्हणजे एक बदल जास्त. हातानं गिअर टाकणाऱ्या नवख्याचा प्रत्येक बदलात वेळ जातो.

या दोघांच्या मधला ४.११ सगळ्यात वाईट. तिसरा ११६ ला संपतो, रेषा समोर दिसत असते, आणि नेमकं तेव्हाच चौथा टाकावा लागतो. इंजिन ६,२०० वरून ४,४०० वर कोसळतं आणि उरलेलं अंतर ते पुन्हा चढण्यातच जातं. "फार मोठा नको, फार लहान नको, मधला घेऊ" हा शहाणपणा इथं उपयोगाचा नाही. आपल्या गाडीचे आकडे घालून पाहिल्याशिवाय जोडी विकत घेऊ नका.

काही ठिकाणी शर्यत २०१ मीटरची असते. तिथं शेवटचा वेग बराच कमी येतो आणि उत्तर ओढीच्या रेशोकडं सरकतं. आधी कुठल्या अंतराच्या शर्यतीला जाणार ते ठरवा.

६. पहिल्या गिअरमध्ये टायरला पेलवेल का

मित्राच्या गाडीची चाकं जागेवर का फिरली ते या हिशोबात दिसतं. मागच्या चाकांवर सुटताना येणारं वजन ६५० किलो धरू आणि साध्या टायरची डांबरावरची पकड ०.९. म्हणजे ५८५ किलोची ओढ झाली की टायर सुटणार. ०.२८६५ मीटर त्रिज्येच्या चाकावर हे साधारण १,६४० न्यूटन-मीटर होतं.

इंजिनाचा टॉर्क (फिरवायचा जोर) १४० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.५, वाटेतलं घर्षण वजा जाता ८५ टक्के पोचतं असं धरलं तर ३.७३ ला चाकावर येतात १,५५० च्या थोडे वर. टायर पेलतो, जेमतेम. ४.८८ ला येतात २,०३०. वरचे चारशे टायरच्या धुरात जातात.

तेव्हा साध्या टायरवर धावणार असाल तर आधी हे गणित करा. टाईम स्लिपवर पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा वेळ वेगळा लिहिलेला असतो. रेशो बदलल्यावर तोच आधी बघा. तो बिघडला असेल तर तुम्ही टायरच्या पुढं गेलाय. चिकट टायर घेतले की वेगळा हिशोब, पण मग अ‍ॅक्सल शाफ्टवर ताण वाढतो, हेही त्यात धरायला पाहिजे.

७. रोजची आणि शर्यतीची गाडी एकच असेल तर

बहुतेकांची एकच असते. वरच्या उदाहरणातली गाडी १०० च्या वेगानं पाचव्यात चालवली तर ३.७३ ला इंजिन २,९४० वर राहतं, ४.११ ला ३,२४० वर, ४.८८ ला ३,८४० वर. म्हणजे जो रेशो शर्यतीत दोन बदलांत काम उरकतो तोच घरी येताना शांत राहतो. सगळ्याच गाड्यांचं नशीब असं नसतं. जमत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या रस्त्याला कौल द्या. शर्यत वर्षातून दोन दिवस, बाकीचे दिवस तावडे हॉटेलवरून हायवेला लागायचंच आहे. नांगराचा बैल आणि शर्यतीचा बैल वेगळा पाळायची ऐपत असेल तर दुसरा अ‍ॅक्सल पूर्ण तयार करून ठेवा आणि शर्यतीपुरता बदला.

खर्च वाचवायला डिफरेन्शियलचे आतले गिअर वेल्ड करून घ्या असं कोणी सुचवेल. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते कधीही करू नका. वळणावर दोन्ही चाकं सारखीच फिरतात, टायर घासतो, पावसात गाडी सरळ ओढते आणि एखाद्या दिवशी अ‍ॅक्सल शाफ्ट तुटतो.

८. जोडी विकत घेताना

इथं सगळ्यात जास्त माणसं फसतात, म्हणून सावकाश वाचा.

क्राऊन आणि पिनियन ही लग्नाची जोडी आहे. कारखान्यात दोघं एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्याला लॅपिंग म्हणतात. बहुतेक जोड्यांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो, एक पिनियनच्या तोंडावर आणि एक क्राऊनच्या कडेला. नंबर जुळत नसेल तर दात कितीही नवे दिसोत, घेऊ नका. मला एका दुकानात ४.२७ म्हणून जी जोडी मिळाली तिचा क्राऊन एका गाडीतला आणि पिनियन दुसऱ्या गाडीतला निघाला. दात बरोबर ४७ आणि ११ होते. गाडी ४० ला गेली की मागून जात्यासारखा आवाज, आणि तीन आठवड्यांत दातांच्या कडा निळ्या पडलेल्या. नंबर बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

दुसरा मोह आपल्या गावाचाच आहे. उद्यमनगरात आणि शिरोलीत काय बनत नाही? नमुना दिला की फौंड्रीतून ओतकाम आणि लेथवरून तयार पार्ट घेऊन माणूस बाहेर येतो, याचा मलाही अभिमान आहे. पण तिरप्या वळणदार दातांचे हे गिअर कापायला त्यासाठीचंच मशिन लागतं, त्यानंतर हार्डनिंग आणि लॅपिंग. एकटा पिनियन नमुन्यावरून करून जुन्या क्राऊनवर बसवायचा प्रयत्न करू नका. शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या), स्पेसर, बेअरिंगचे पुलर हे मात्र उद्यमनगरातूनच करून घ्या, तिथल्यासारखं काम दुसरीकडं मिळत नाही.

आणखी तीन गोष्टी बघा. एक, तुमच्या अ‍ॅक्सलचा कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) नव्या रेशोला चालतो का. डाना ४४ या अ‍ॅक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून वर दुसरा लागतो, कारण पिनियन लहान झाला की क्राऊन त्याच्याकडं सरकवावा लागतो. दोन, पिनियनच्या शाफ्टचे स्प्लाईन (खाचा) मोजा, पूर्वीचा फ्लँज त्यावर बसला पाहिजे. तीन, आणि हे फोर-बाय-फोरवाल्यांसाठी: पुढचा आणि मागचा रेशो सारखाच पाहिजे. एका ओळखीच्यानं पैसे वाचवायला मागचाच बदलला आणि पन्हाळ्याजवळच्या कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून निघाला. पुढची चाकं एक वेग मागतात, मागची दुसरा. ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीची) चेन असो वा गिअर, कुठंतरी मोडणारच. दोन्हीचा खर्च झेपत नसेल तर आहे तोच रेशो ठेवा.

९. फिटिंग: हे काम स्वतःचं नाही, पण समोर उभं राहा

पहिल्यांदा हे घरी करू नका. अनुभवी मिस्त्री शोधा आणि काम समोर करून घ्या. काय बघायचं ते सांगतो.

जुने बेअरिंग परत वापरू देऊ नका. नवी सील, असेल तर नवा क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगमधली दबणारी नळी), आणि क्राऊनचे बोल्ट टॉर्क रेंचनंच. नुसत्या हाताच्या अंदाजानं बोल्ट आवळायला लागले तर नम्रपणे थांबवा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेज लावून मोजली पाहिजे. साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर असते, पण तुमच्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा.

त्यानंतरची तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. क्राऊनच्या पाच-सहा दातांना प्रशियन ब्लू (खुणेचा निळा रंग) लावायचा, चाकाला थोडा अडसर देऊन पिनियन फिरवायचा आणि रंग कुठं पुसला गेला ते बघायचं. पुसलेला ठसा दाताच्या मधोमध, लांबट अंड्यासारखा हवा. तो दाताच्या माथ्याकडं गेला असेल तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, मुळाकडं गेला असेल तर फार आत घुसलाय. शिम बदलून पुन्हा खोलायचं, पुन्हा रंग लावायचा. माझ्या मिस्त्रींनी चार वेळा खोललं. चौथ्या वेळी बोटानं ठसा दाखवत म्हणाले, "आता बसला बघा. आता दहा वर्षं बघायचं काम नाही." जो मिस्त्री रंग न लावता "आवाज नाही आला म्हणजे झालं" म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.

१०. कागदपत्रं आणि कायदा

शर्यत अधिकृत ठिकाणीच. बायपासवर रात्री दोन गाड्या लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कायद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या रस्त्यावर अंधारात बिनदिव्याची ट्रॉली उभी असते.

एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटार शर्यतींच्या महासंघाच्या) मान्यतेच्या शर्यतीसाठी जवळ ठेवायचे कागद: स्पर्धेचं लायसन्स, ड्रायव्हिंग लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र, रक्तगट आणि वैद्यकीय दाखला. नियमांप्रमाणे हेल्मेट, अंगभर सुती कपडे आणि बूट. नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. तिथं झालेलं नुकसान तुमच्याच खिशातून जाईल हे घरी आधी सांगून ठेवा.

आरसीवर मागच्या रेशोची नोंद नसते. इंजिन, बॉडी, आसनक्षमता यांची असते. कलम ५२ प्रमाणे त्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आधी आरटीओला विचारा.

११. पहिले आठशे किलोमीटर

नव्या जोडीत ८०डब्ल्यू-९० जीएल-५ दर्जाचं गिअर ऑईल टाका. तिरप्या दातांवर घसरणीचा दाब फार असतो, साधं तेल तिथं टिकत नाही. पण हेच तेल मॅन्युअल न बघता गिअरबॉक्समध्ये ओतू नका, काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना ते सोसत नाही. एलएसडी असेल तर त्याचं वेगळं अ‍ॅडिटिव्ह.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं हळू चालवा आणि पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. गरम असताना हौसिंगवर पाण्याचे थेंब टाकून बघा, चरचरून उडाले तर बेअरिंग जास्त आवळलंय. पहिल्या आठशे किलोमीटरांत ट्रेलर नको, घाटात पाच माणसं नकोत आणि ड्रॅगचा सराव तर मुळीच नको.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येत असेल तर काटा आता खोटं बोलणार. ४.८८ काढून ३.७३ बसवला तर गाडी ८० नं पळत असताना काटा ६१ दाखवतो. फसवणूक नेमकी धोक्याच्या दिशेनं आहे. केबलचा छोटा प्लास्टिक गिअर बदलून घ्या. तोवर मोबाईलच्या जीपीएसवर तीन वेगांना काटा तपासा आणि खरे आकडे डॅशबोर्डवर चिकटवा.

आठशे पूर्ण झाले की तेल पांढऱ्या पत्र्याच्या ताटलीत काढा. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मलमासारखा थर दिसेल. बोटावर घेऊन चोळा. लोण्यासारखं मऊ लागलं तर ती जोडी जुळतानाची झीज आहे, पुसून टाका आणि नवं तेल भरा. बोटाला टोचणारी कपची किंवा चकाकणारा तुकडा लागला तर गाडी हलवू नका, त्याच दिवशी मिस्त्रींना बोलावून हौसिंग उघडा.